बरोब्बर अर्धी फिरवलेली कडी

जबलपूरच्या चढउतारांचा जेवढा अभ्यास माझ्या मामेसासऱ्यांनी केला आहे, तेवढा सरकारी मोजणीवाल्यांनीही केला नसेल. कुणाकडे जायचं हे ते नात्यावरून नाही, दारापुढच्या उतारावरून ठरवत. सख्खा भाऊ सपाट वस्तीत राहतो, तर त्याच्याकडे दिवाळीतसुद्धा जाणं नाही. आमचं घर टेकडीच्या उतारावर, म्हणून आमच्याकडे आठवड्यातून तीनदा. कारण एकच, त्यांची ती काळी, बोजड, जवळपास त्यांच्याच वयाची गाडी. सेल्फ दाबला की कधी गुमान चालू होई, कधी नुसती खर्रर्र करून गप्प बसे. मग उतार, नाहीतर धक्का. आणि धक्का म्हणजे मी. बँकेत साहेब म्हणवणाऱ्या माणसाच्या शर्टाला खांद्यावर कायमचा काळा डाग, हे काय शोभतं? बायकोला मी हे दर रविवारी ऐकवत असे आणि ती दर रविवारी नवा साबण आणत असे.

मामांची दुसरी खोड अर्ध्याची. लग्न झाल्यापासून घरात येईल ते मामींबरोबर बरोब्बर अर्धं. खोव्याची जलेबी मधोमध कापायची, चहाचे दोन कप डोळ्यांसमोर धरून पातळी जुळवायची, पेपरची पानंसुद्धा मोजून निम्मी. एखादी बातमी पुढच्या पानावर गेली की तिचा उरलेला भाग मामी स्वयंपाकघरातून मोठ्यानं वाचत. "संसार म्हणजे फिटिंग आहे, जावईबापू," मामा सांगत. ते कारखान्यात जन्मभर फिटर होते. "दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत."

दोन वर्षांपूर्वी मात्र हे फिटिंग बिघडलं. मामींचं माहेर बरगीकडे, म्हणजे नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून. पुलाच्या ऐन मध्यावर गाडी बंद पडली, सेल्फ खर्रर्र करून थांबला, मागे ट्रक भोंगे वाजवायला लागले. मामी उतरल्या, धक्का देता देता पडल्या आणि मनगट मोडलं. मामी ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. प्लास्टर घातल्यावर एवढंच म्हणाल्या, "ह्याच पुलावर ही गाडी तीनदा बंद करून तीनदा आपली आपण चालू होईल, तेव्हाच मी तिच्यात बसीन." गाडीच्या एकुलत्या किल्लीला त्यांनी लाल दोरा बांधला होता, ती किल्ली त्यांनी मामांच्या हातात दिली. तेव्हापासून त्या माहेरी बसनं जात आणि मामा रिकामी गाडी घेऊन बसच्या मागे मागे. मला हसू यायचं, पण एकदा त्यांनी माझ्यासमोर जलेबीचे दोन तुकडे केले आणि दुसरा तसाच पुड्यात ठेवला, तेव्हा नाही आलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी गाडी खोलली. बॅटरी पाहिली, सेल्फ दाबताना दिवे मंद होत नव्हते, म्हणजे ती ठीक. सेल्फची मोटर काढून आतले कार्बनचे ब्रश बदलले, टेबलावर ती भिंगरीसारखी फिरली. राहिलं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक. त्याच्याभोवती दातेरी कडी असते, मोटर त्या दातांना धरून इंजिन फिरवते. इंजिन थांबतं ते ठरलेल्या जागी, म्हणून तेच दात झिजतात. "हे पाहा, बोथट झाले," मामांनी खडूनं खूण केली. कडी तापवून सैल केली, उतरवली, फिरवून पुन्हा बसवली. झिजलेले दात गेले पार दुसऱ्या बाजूला.

आणि एका रविवारी सकाळी आम्ही तिघं तिलवाऱ्याच्या पुलावर. मामी परीक्षेपुरत्या पुढे बसल्या, पिशवी मांडीवर, उतरायच्या तयारीत. मी मागे लाल टॉवेल दाखवत ट्रक थांबवत होतो आणि ट्रकवाले माझ्या कुळाचा उद्धार करत होते. मामांनी गाडी बंद केली. दाबला सेल्फ, चालू. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तिसऱ्यांदा बंद केली आणि दाबला.

खर्रर्र.

मामांनी पुन्हा दाबला. खर्रर्र. मी जन्मात पहिल्यांदा त्या गाडीसाठी देवाला हात जोडले. तेवढ्यात मामींनी दार उघडलं. संपलं, मला वाटलं, आता ह्या चालत सुटणार आणि हा माणूस पुन्हा काही उठणार नाही.

मामी चालत पुढे आल्या. "गिअरात टाका," त्या म्हणाल्या, "अन् ब्रेक सोडा." बरा झालेला हात बॉनेटला लावून त्यांनी गाडी जरा मागे हलवली, तशी आतली कडीही जराशी फिरली, आणि त्या येऊन बसल्या. "आता न्यूट्रल करून दाबा." चालू झाली.

पूल ओलांडून मामांनी गाडी बाजूला घेतली. "पण मी तर कडी बरोब्बर अर्धी फिरवली होती."

"तेच तर चुकलं. अंगणात दात घासून कोण राहिली होती त्या कडीचे, जुन्या ब्रशनं? समोरासमोर दोन्हीकडले बोथट होते. अर्धी फिरवली म्हणजे इकडले तिकडे अन् तिकडले इकडे. चतकोर फिरवायची होती."

"अगं, मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही विचारलं काहून नाही?"

मामा म्हणाले, "चुकलं माझं." आणि मामी उतरल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात कडी पुन्हा निघाली, चतकोर फिरली. आता गाडी एका दाबात चालू होते. दोघं दर रविवारी बरगीला जातात. त्यांना उतार नको आणि धक्काही नको, त्यामुळे आमच्याकडे येणंही नाही. कितीतरी रविवार माझा शर्ट कोरा राहिला. मी मोठ्या सुखात होतो, असं बायकोला सांगत होतो.

परवा सकाळी मात्र दारात भोंगा वाजला. गाडी उभी होती, बंद. मामा ओशाळून म्हणाले, "आज काय झालं की हिला. जावईबापू, जरासा खांदा लावता का? मग बसा मागे, जलेबी आहे. तीन भाग करू." पलीकडे मामी समोर बघत बसल्या होत्या. त्यांच्या मिटलेल्या मुठीतून किल्लीचा लाल दोरा लोंबत होता.

मी मागे गेलो आणि खांदा लावला.