ओढ्यापलीकडची घरं

मी वरण ढवळत होते. मराठी मंडळाच्या ताईंनी माझ्या हातातून डाव काढून घेतला. हसत. "तू राहू दे गं, दमली असशील. हॉलमध्ये खुर्च्या लाव ना."

मी दमले नव्हते. तरी खुर्च्या लावल्या. लावता लावता स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं, ताईंनी अख्खं पातेलं सिंकमध्ये ओतलं आणि वर नळ सोडला. मग सगळ्यांना सांगितलं, "करपलं होतं." करपलं नव्हतं.

ही गेल्या गणपतीतली गोष्ट, लंडनमधल्या स्टॅनमोरच्या भाड्याच्या हॉलमधली. कित्येक वर्षं मी तिथे स्वयंपाक करत होते आणि कुणाच्या पोटात दुखलं नव्हतं. कारण माझं आडनाव रामसरन. नवरा त्रिनिदादचा. त्याच्या पूर्वजांना इंग्रजांनी बोटीत घालून उसाच्या मळ्यावर नेलं होतं. या आडनावावरून आमच्या मराठी लोकांना जातीचा काही थांग लागत नव्हता. नर्स आहे, मराठी चांगलं बोलते, म्हणजे आपल्यातलीच असणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मग नागपूरहून बाबा आले. हॉलच्या दारात त्यांनी सगळ्यांना हात जोडून "जय भीम" केला. नेहमी करतात तसा. त्याच दुपारी माझ्या हातातला डाव गेला.

हॉस्पिटलात माझ्या हातची सुई चालते. वरण चालत नाही.

घरी येऊन रडले. संतापाने. सासूबाई जवळ येऊन बसल्या. त्यांना आम्ही 'मा' म्हणतो. मी म्हटलं, "मा, तुमचं बरं. तुमच्या लोकांची जात बोटीवरच बुडाली."

हे त्यांच्याकडूनच ऐकलं होतं. त्यांचं गाव लहानसं. टेकडीवर गुलामांच्या वंशजांची घरं, खाली मळ्याच्या बराकीत हिंदुस्थानातून आलेले. बोटीवर सगळे एका भांड्यातलं जेवले, एकमेकांना जहाजभाई म्हणू लागले. गुराखी म्हणून चढला तो पंडित होऊन उतरला. विचारणारं कोण होतं? पुढे साखर कारखाना बंद पडला, तरुण माणसं टोरांटोला, लंडनला निघून गेली. आता तिथे मोजकी म्हातारी माणसं उरलीत.

त्या दिवशी मांनी उठून मला पाणी आणून दिलं. मग म्हणाल्या, "ओढ्यापलीकडे पण घरं होती."

"कुणाची?"

"चमार म्हणायचो आम्ही त्यांना. शिवीच होती ती. त्यांची पोरं आली की आई पाणी द्यायची, पण कप वेगळा धुवायची. मी तिला कधी विचारलं नाही, का म्हणून."

भाषा विसरले, मूळ गाव विसरले, आणि एवढं मात्र लक्षात ठेवलं.

दोन दिवसांनी ताईंनी मला कार पार्कमध्ये गाठलं. "अगं, मी पर्सनली काही मानत नाही. पण सीनियर लोक अपसेट झालेत. तू रामसरनच राहा ना. फक्त बाबांना सांग, हॉलमध्ये नमस्कार म्हणा. रविवारी तुझ्या मुलीचं लेझीम आहे, उगाच इश्यू नको."

मुलगी सात वर्षांची. महिनाभर घरभर लेझीम खुळखुळवत होती. ताईंनी नेमकं तिथे बोट ठेवलं. क्षणभर वाटलं, बाबा परत जातीलच, एका शब्दाचा तर प्रश्न आहे. मग तो कप धुणारी बाई डोळ्यांसमोर आली. कुणी विचारलं नाही, म्हणून ती मरेपर्यंत धूत राहिली.

मी म्हटलं, "ताई, वरण करपलं नव्हतं. तुम्ही ते ओतलंत, कारण मी महाराची मुलगी आहे. बाबा जय भीमच म्हणतील. मीही म्हणणार."

"हळू बोल गं!"

"नाही बोलणार हळू."

त्याच संध्याकाळी लेझीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून माझा नंबर काढला आणि पथकातून मुलीचं नाव. मुलीने विचारलं, "आई, मी काय राँग केला?"

"तू काही नाही केलंस," म्हटलं, आणि तिला सगळं सांगितलं. वरण कुणी ओतलं, का ओतलं. तिच्या पणजीने कप वेगळा का धुतला. मा समोर मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांना लागलं असेल. लागू दे. कुणाचं मन राखायला माझ्या घरात आता काही झाकलं जाणार नाही.

अनोळखी नंबरांवरून मेसेज येतात हल्ली. 'मुलीला सांभाळा' असा एक आला. भीती वाटते. खोटं कशाला सांगू? पण येत्या गणपतीला मुलीचा हात धरून मी त्या हॉलमध्ये जाणार आहे, आणि कुणी विचारायच्या आधी माहेरचं आडनाव सांगणार आहे.