काळ्या रानात भाजलेला राब

डिंभ्याच्या धरणात घर गेलं तेव्हा सारजाबाई पस्तिशीची होती. नवरा जालिंदर, लेक रोहिणी आणि चार भांडी घेऊन ती खाली महाळुंगे पडवळच्या बाजूला आली. सरकारनं तीन एकर काळं रान दिलं होतं. लोक म्हणाले, नशीब काढलं बाईनं. कसलं नशीब राव, डोंगरातल्या बाईला काळ्या रानाची काय माहिती?

पहिल्याच उन्हाळ्यात तिनं आईनं शिकवलं तेच केलं. पालापाचोळा, शेण, फांद्या जमिनीवर पसरून राब भाजला आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेत नाचणी टाकली. डोंगरात असंच पिकायचं. इथं पावसानं पाठ फिरवली नि रोपं जागेवर करपली. सगळी वस्ती पोट धरून हसली. जालिंदरनं तर गाठोडंच बांधलं.

"चल माघारी. पाण्याच्या कडंला खोपट टाकू, मासं धरू. हितं आपलं कोण हाय?"

"पोरीची शाळा सुटंल," सारजाबाई म्हणाली. "ज्वारी निघंपतोर थांबा. न्हाईच जमलं, तर गाठोडं मीच उचलते."

बोलून तर बसली, पण ज्वारीचं विचारायचं कुणाला? शेजारी झुंबरबाईचं रान, आणि हे तीन एकर सरकारनं धरणग्रस्तांसाठी तिच्याच रानातनं कापून घेतलेले. म्हातारी सारजाबाईला पाहिलं की तोंड फिरवायची. तिचं तरी काय चुकलं म्हणा.

एका संध्याकाळी सारजाबाई भाकरी थापत होती आणि सातवीतली रोहिणी चुलीजवळ गुरुजींनी दिलेलं पुस्तक मोठ्यानं वाचत होती. इंग्रजांची कुटुंबं गलबतातून अमेरिकेत उतरली. पहिल्याच हिवाळ्यात निम्मी माणसं मेली. आया उपाशी राहून पोरांच्या तोंडी घास घालायच्या. मग तिथल्या मूळच्या लोकांनी त्यांना मक्याच्या बुडाशी खत म्हणून मासा पुरायला शिकवलं, आणि उरलेली घरं तगली.

"मंग त्या शिकवणाऱ्यांचं पुढं काय झालं?"

रोहिणीनं पान उलटलं. "इंग्रज वाढले, आणि त्यांनी शिकवणाऱ्यांनाच त्यांच्या जमिनीवरून हाकललं."

सारजाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. हाकलणं काय असतं ते तिला कुणी सांगायला नको होतं.

सकाळी ती थेट झुंबरबाईच्या अंगणात जाऊन उभी राहिली. काय ते काळीज बाईचं.

"मावशी, तुमचं रान म्या मागितलं नव्हतं. पण आता कसायचं मलाच हाय. त्याला काय मानवतं, ते तुमालाच ठावं. शिकवा. त्या रानात तुमाला कदी कुणी परकं म्हननार न्हाई."

म्हातारी कडाडली, "माजा बैल मेला तवा सासऱ्यानं जुवाला सवताचा खांदा लावून नांगरलंय ते रान." आणि रडायलाच लागली. सारजाबाई तिच्या शेजारी बसून राहिली.

भादव्यातला पाऊस नुकताच पडून गेला होता. दुपारी झुंबरबाई रानात आली. माती मुठीत दाबून पाहिली, म्हणाली, "लई वली हाय. आठ दिस थांब, वाफसा येऊ दे." पेरणीला पाभरीमागं ती स्वतः चालली, खुरपणीलाही आली.

माघात ज्वारी निघाली. पहिली पाटी सारजाबाईनं डोक्यावर घेतली आणि झुंबरबाईच्या ओट्यावर नेऊन ठेवली. जालिंदरही मागं होता. म्हातारीनं पाटीत हात घालून दाणा पारखला. त्यातली चांगली चार ओंजळी ज्वारी तिनं सारजाबाईच्या पदरात टाकली आणि पदराला स्वतः गाठ मारली.

"हे बियाणं हाय," ती म्हणाली. "पुढल्या साली पेरायला तुज्याच घरात ऱ्हाऊ दे."