कडधान्यांचं राज्य

जगात निखळ न्याय कुठं शिल्लक असेल तर तो आमच्या समोरच्या काकूंच्या बेसमेंटमध्ये, टेबल टेनिसच्या टेबलावर, कडधान्याच्या रूपात पसरलेला होता, असं माझं ठाम मत आहे. त्या न्यायापायी माझी कंबर कायमची धरली, हेही तितकंच खरं. ते टेबल सरकवायला, त्यावर चिकटपट्टीनं जोडलेला अख्ख्या राज्याचा नकाशा ताणायला, आणि "जरा ते दक्षिणेचं टोक उचल रे" असं काकूंनी म्हटलं की उचलायला दुसरं कुणी नव्हतंच. काकूंचा मुलगा सोमवारी विमानानं कामाला जायचा तो गुरुवारी उगवायचा, सूनबाईंची हॉस्पिटलची ड्यूटी. उरलो मी, घरून काम करणारा समोरचा शेजारी. घरून काम करतो तो माणूस रिकामाच असतो, अशी काकूंची पक्की समजूत होती. मीटिंगमध्ये असतानाही त्या मला खिडकीतून हात करायच्या आणि मी कॅमेरा बंद करून रस्ता ओलांडायचो.

काकूंची कुंडली सांगतो, म्हणजे हे वेड कुठून आलं ते कळेल. नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या आणि सव्वीस वर्षं त्यांनी त्या शाळेचं वेळापत्रक केलं. बाहेरच्याला वाटतं त्यात काय एवढं. पण चाळीस बायका, प्रत्येकीला पहिला तास नको, शेवटचा तर त्याहून नको, एकीची बस चुकते, दुसरी मुख्याध्यापिकेची नणंद, आणि मधल्या सुट्टीनंतर पेंगुळलेल्या नववी 'क'ला गणित शिकवायचं कुणी? तो तास काकूंनी सव्वीसच्या सव्वीस वर्षं स्वतःकडे ठेवला. "ज्याला फायदा होतो ना, त्याच्या हाती खडू द्यायचा नाही," हे त्यांचं पहिलं तत्त्व. दुसरं असं, की सगळ्या बायका सारख्याच कुरकुरायला लागल्या की समजायचं, वेळापत्रक बरोबर झालं. मुलाकडे अमेरिकेत येऊन, कालांतरानं इथल्या नागरिक झाल्यावर, त्यांना कळलं की दर दहा वर्षांनी शिरगणती झाली की मतदारसंघांच्या रेघा नव्यानं ओढतात, आणि आमच्या राज्यात त्या रेघा ओढतात निवडून आलेलेच लोक. राज्याचं नाव मी सांगत नाही. पन्नासातल्या बऱ्याच राज्यांना हे लागू पडेल, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. काकू मात्र हे ऐकून दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. "म्हणजे नणंदबाईच वेळापत्रक करून राहिल्या की बाप्पा!" एवढंच म्हणाल्या, आणि तिसऱ्या दिवशी मला इंडियन ग्रोसरीत गाडी घ्यायला लावली.

तिथून आम्ही दहा पिशव्या कडधान्य आणलं. एक दाणा म्हणजे शंभर माणसं. मोठ्या शहरातले लोक मसूर, उपनगरातले मटकी, शेतीवाडीतले हरभरे, असं राज्य टेबलावर मांडायचं आणि मग लोकरीचे धागे टाकून सारख्या दाण्यांचे मतदारसंघ पाडायचे. इंटरनेटवर हे करायला फुकटची साधनं आहेत, ती मी त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "यात माणसं हाताला लागत नाहीत." शेवटी त्या दाणे मोजायच्या आणि मी निमूटपणे ते सगळं कॉम्प्युटरवर चढवायचो. कोण कुठल्या पक्षाला मत देतं हे मी एकदा सांगायला गेलो तर त्यांनी कानांवर हात ठेवले. वेळापत्रक करताना कुठली बाई आवडते हे त्या पाहत नसत म्हणे. एकदा सूनबाईंनी उसळीसाठी खाली ठेवलेल्या डब्यातली मटकी भिजत घातली. दुसऱ्या दिवशी काकूंना राज्याच्या उत्तरेला माणसं कमी पडायला लागली. दोनदा मोजलं, तीनदा मोजलं, आणि मग स्वयंपाकघरात गाळणीत मोड आलेली उपनगरं दिसली. "अगं, माणसं भिजवलीस तू!" असं त्या ज्या आवाजात म्हणाल्या, तो ऐकून सूनबाई घाबरून मला फोन करत्या झाल्या. उसळ आम्ही सगळ्यांनी खाल्ली, काकूंनी फक्त वरण-भात घेतला.

आता मुद्द्याचं. जुन्या नकाशात रेघ आमच्या रस्त्याच्या मधून जायची. मी एका मतदारसंघात, समोर काकू दुसऱ्यात, आणि आमचं देऊळ आणि मराठी मंडळाचा हॉल माझ्या बाजूला. आमच्या मतदारसंघाचा आकार दोरीवर वाळत घातलेल्या विजारीसारखा होता. मंडळाच्या अध्यक्षांना काकूंच्या उद्योगाची कुणकुण लागली तेव्हा ते पेढ्यांचा डबा घेऊनच आले. "काकू, धिस इज अवर चान्स. आपली सगळी कम्युनिटी एका डिस्ट्रिक्टमध्ये आली तर उद्या आपला माणूस उभा राहू शकतो. तुम्ही मॅप करा, मंडळ सपोर्ट करेल." काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी अध्यक्षांनाही दाणे मोजायला बसवलं. ते पुन्हा बेसमेंटमध्ये उतरले नाहीत.

पण काकूंना नुसते दाणे पुरेनात. जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रेघ ओढणार नाही, हे तिसरं तत्त्व, आणि त्यापायी माझ्या गाडीचे टायर झिजले. अशाच एका चकरेत नदीकाठचं जुनं गिरणीगाव लागलं. गिरणी केव्हाच बंद पडलेली, गाव एवढंसं, आणि नकाशात त्याचे तीन तुकडे. तिथल्या लॉन्ड्रोमॅटमध्ये, म्हणजे नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात, कपड्यांच्या घड्या करणारी एक मेक्सिकन बाई भेटली. काकूंनी आपण होऊन तिच्या चादरीचं दुसरं टोक धरलं. दोन बायकांनी मिळून चादर झटकली की त्यांच्यात बोलणं सुरू होतं, भाषा येवो न येवो. बाई सांगत होती, दर वसंतात नदीचं पाणी घरात शिरतं, आणि प्रतिनिधीच्या ऑफिसला फोन केला की ते म्हणतात तुमची गल्ली आमच्याकडे नाही. दुसरं ऑफिस तेच म्हणतं, तिसरं फोन उचलत नाही. घरी आल्याबरोबर त्यांनी त्या गावासाठी वेगळं धान्य काढलं. मूठभर चवळी.

ती मूठभर चवळी एका धाग्यात घ्यायची तर दुसरीकडून तेवढीच माणसं काढायला हवीत. काकूंनी तीन आठवडे सगळे मार्ग करून पाहिले. उत्तरेकडून काढली तर शेतकऱ्यांचा तालुका फुटतो, शहराकडून काढली तर काळ्या लोकांची जुनी वस्ती फुटते. शेवटी रेघ बसली ती एकाच ठिकाणी. आमच्याच रस्त्यावर, जिथं आधी होती तिथंच. मंडळ एका बाजूला, काकू दुसऱ्या बाजूला. अध्यक्षांनी नकाशा पाहिला आणि बाहेर येऊन माझ्यावरच घसरले, "यार, तू तरी समजवायचं ना! आपल्याच लोकांना कोण कापतं?" मी काकूंना समजावायला गेलो, खोटं कशाला बोलू. मला थकवा आला होता, शिवाय मंडळात तोंड दाखवायचं होतं. काकू धाग्याला गाठ मारत होत्या. "रेघ कुठून तरी जाईलच ना रे. मग माझ्याच अंगणातून जाऊ दे. मला फोन करायला तू आहेस. त्या बाईला कोण आहे?" मी गाठीवर बोट धरलं. मंडळानं पाठिंबा काढून घेतला. त्यानंतर एका पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्यानं नाक मुरडलं, मग दुसऱ्याच्याही. काकू खूश. सगळे सारखेच कुरकुरायला लागले होते.

नव्या नकाशाची जनसुनावणी कम्युनिटी कॉलेजच्या सभागृहात, भर बर्फात, सकाळी दहाला. माणशी दोन मिनिटं. काकू नऊवारीत नाहीत, पण ठेवणीतल्या पैठणीत, वर जाकीट, पायात बर्फाचे बूट, हातात चवळीची डबी. त्यांनी सुरुवातच नागपूरच्या शाळेपासून केली आणि दीड मिनिट मुख्याध्यापिकेच्या नणंदेत गेलं. मी मागच्या रांगेत डोकं धरून बसलो. वेळ संपत आल्याचा पिवळा दिवा लागला तशी काकूंनी डबी उघडून समोर ठेवली आणि त्यांच्या ठसठशीत इंग्रजीत म्हणाल्या, हे एक गाव आहे, हे एका मुठीत मावतं, तरी तुम्ही ते तीन मुठींत धरता. कुणाला तरी रेघेवर राहावं लागणार, तर मी राहीन, माझा पत्ता अर्जावर आहे. लाल दिवा लागला. सुनावणीच्या अध्यक्ष महाशयांनी नम्रपणे आभार मानले आणि पुढच्याचं नाव पुकारलं. परतीच्या वाटेवर काकूंनी मला तीनदा विचारलं, "त्यांनी लिहून घेतलं ना रे?" मी तिन्हीदा हो म्हणालो. त्यांच्यापैकी कुणाच्याही हातात पेन नव्हतं.

नवा नकाशा आला. गिरणीगावाचे तुकडे तीनच राहिले. बदलली होती ती आमची बाजू. काय गणित असेल ते त्यांनाच ठाऊक, पण रेघ आमच्या रस्त्यावरून उठून कुठं तरी लांब गेली होती. मी, काकू, देऊळ, हॉल, सगळे एकाच मतदारसंघात. जे काकू सोडायला निघाल्या होत्या नेमकं तेच त्यांच्या पदरात टाकलं होतं. मंडळात पेढे वाटले. अध्यक्ष स्वतः डबा घेऊन आले, झालं गेलं विसरा म्हणाले, आणि त्यांचं मन खरोखर स्वच्छ होतं. काकूंनी डबा घेतला, त्यांना चहा दिला, पण पेढ्याला हात लावला नाही. मला त्या दिवशी त्यांच्याकडे बघवेना. ते गेल्यावर त्या खाली उतरल्या आणि धागे गुंडाळायला लागल्या. मी मदतीला गेलो तेव्हा त्या एरंडेलाची बाटली घेऊन बसल्या होत्या. राज्याच्या एकेका भागाला तेलाचा हात लावून डब्यात भरणं चाललं होतं. "कीड नाही लागत," त्या म्हणाल्या. "दहा वर्षं राहायला पाहिजेत." एक्याऐंशी वर्षांची बाई दहा वर्षांची बेगमी करत होती, आणि मी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो.

पुढच्याच वर्षी मुलाची नोकरी बदलली आणि सगळं बिऱ्हाड तिकडे पार पश्चिमेच्या एका राज्यात, बॉथेल गावी गेलं. डबे माझ्याकडे आले. तिकडे दोन्ही पक्षांचे लोक एका समितीत बसून नकाशा काढतात म्हणे, काकू फोनवर म्हणाल्या, "बरं करतात रे इथले. मला काही कामच नाही." दर मे महिन्यात मात्र त्यांचा फोन ठरलेला. डब्यांना ऊन दाखवलं का? मी कुरकुरतो, मग डेकवर जुन्या चादरी पसरतो आणि त्यावर सगळं राज्य ओततो. गेल्या खेपेला बायकोनं वाटीभर चवळी मागितली, पाहुणे यायचे होते. "तो डबा नको," मी पटकन म्हणालो, "त्यात माणसं आहेत." ती माझ्याकडे पाहतच राहिली. तेवढ्यात काकूंचा फोन आला.

"पसरलंस?"

"हो काकू."

"आणि गिरणीगाव?"

"एका ताटात ठेवलंय. वेगळं."

"एकाच ताटात ना? सांडू देऊ नको हो."

"नाही सांडत, काकू."

फोन ठेवून मी ते ताट जरा उन्हात सरकवलं. दुपारी वारा सुटला तेव्हा मीटिंग चालू होती. मी कॅमेरा बंद केला, बाहेर जाऊन ताट आत आणलं आणि दाणे मोजून पाहिले. सगळे होते.