राउटरमधला माझा नंबर

घरातलं इंटरनेट सारखं अडकतं म्हणून परवा नवऱ्याने राउटरमध्ये कुणाला आधी नेट मिळेल याचा क्रम लावून दिला. आधी त्याच्या मीटिंगा, मग लेकीचा क्लास, मग टीव्ही. माझा फोन तळाला.

“तुझ्या नुसत्या गप्पा तर असतात,” तो म्हणाला.

त्या गप्पा माझ्या आईशी असतात. तिला आता ऐकू येत नाही. व्हिडिओ कॉलवर माझे ओठ पाहून ती बोलणं ओळखते. काल टीव्हीवर मॅच सुरळीत चालू होती आणि माझं चित्र मात्र सारखं गोठत होतं. वैताग आला नुसता! कुणाचं बोलणं महत्त्वाचं, हे त्या डबीला काय कळणार? पण तिला सांगणाऱ्याला तरी कुठे कळलं होतं? ज्याच्या हाती पासवर्ड, त्याचंच काम तातडीचं.

मी तणतणत फोन त्याच्यासमोर धरला. पडद्यावर आई डोळे बारीक करून पाहत होती.

“ओठ मिटून का बसलीस गं? रागावलीस माझ्यावर?”

त्याने मॅच बंद केली, लॅपटॉप उघडला आणि माझा फोन सगळ्यांच्या वर नेला.

“नाही गं आई,” फोन माझ्याकडे वळवून मी म्हटलं.

ती हसली, तेव्हा माझे ओठ तिला दिसल्याचं मला कळलं.