बागेतली दगडी माणसं

सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे आल्या तेव्हा मला अमेरिकेत येऊन तीन वर्षं होत आली होती, आणि घरात बसून राहणं मला अजून जमलेलं नव्हतं. पुण्याला मी एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. सकाळपासून माणसांचे खांदे, गुडघे, कंबरा. लग्न करून वेस्ट विंडसरला आले ती नवऱ्याच्या व्हिसाला जोडून. त्या व्हिसावर मला नोकरी करायची परवानगी नव्हती. इथल्या लायसन्सची परीक्षा देता आली असती, पण पास होऊन काम कुठल्या आधारावर करायचं, हा प्रश्न उरायचाच. नवरा म्हणायचा, "थांब जरा. ग्रीन कार्ड येईल." तो ऑफिसला निघून गेला की मी फर्निचर हलवायची. सोफा खिडकीकडून भिंतीकडे, टेबल भिंतीकडून खिडकीकडे. संध्याकाळी तो यायचा आणि दारातच कशाला तरी अडखळायचा.

सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. सासरे गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच लांबचा प्रवास. आयुष्यभर त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केलेली, त्यामुळे दिवसभर माणसांचे आवाज कानावर पडायची सवय. आमच्याकडे फ्रिजची घरघर सोडली तर काही ऐकू यायचं नाही. आठवड्याभरात त्यांनी माझे सगळे डबे घासले, खिडक्या पुसल्या, बाल्कनीतल्या तुळशीची जागा रोज बदलली. मग एक दिवस खिडकीत उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, या गावातली माणसं ठेवतात तरी कुठं?"

दोन अस्वस्थ बायका एका बेडरूमच्या घरात. भांडण झालं नाही, पण एकीनं पुसलेला ओटा दुसरी परत पुसायची.

त्या जूनमध्ये एका सकाळी मी खाली लाँड्रीत कपडे टाकून वर आले, तर दार नुसतं लोटलेलं आणि सासूबाई घरात नाहीत. त्यांच्याजवळ फोन नव्हता. मी कॉम्प्लेक्सला दोन चकरा मारल्या, पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून शोधलं. आमच्याकडे चालत जायला दुकान नाही, देऊळ नाही, मोठ्या रस्त्याला फुटपाथसुद्धा नाही. मी रडायच्या बेतात असताना शेजारच्या नागपूरच्या मैत्रिणीचा फोन आला. "काकू रस्त्याच्या कडेनं चालल्यात यार, एकट्याच. मी हॉर्न दिला तर त्यांनी छान हात केला. बागेच्या बाजूला गेल्यात."

बाग म्हणजे एका जुन्या श्रीमंत घराची इस्टेट, आता लोकांसाठी खुली केलेली. मी तिच्यावरून कित्येकदा गेले होते, आत कधी शिरले नव्हते. गाडी लावून आत पळत गेले आणि पहिल्याच वळणावर थबकले. हिरवळीवर दगडाची माणसं उभी होती. काळी, हिरवट, तपकिरी. एक आई आणि तिची दोन मुलं, तिघं एकाच दगडात, तिघांच्या माना एकमेकांवर कललेल्या. वाऱ्याकडे तोंड केलेली एक मुलगी. तिचा चेहरा आरशासारखा गुळगुळीत आणि केस मात्र कच्च्या दगडाचे, खडबडीत तसेच ठेवलेले. अर्धा माणूस, अर्धा पक्षी असा एक म्हातारा. पाटीवर लिहिलं होतं की ही झिम्बाब्वेमधल्या शोना समाजाच्या शिल्पकारांची कामं आहेत, आणि उन्हाळाभर इथं राहतील. एरवी मी वाचत उभी राहिले असते. तेव्हा मी प्रत्येक दगडाच्या मागे साडी दिसते का, तेवढंच बघत होते.

सासूबाई बागेच्या खालच्या टोकाला सापडल्या. तिथं एक पांढरा तंबू ठोकला होता. पालथ्या बादलीवर त्या बसल्या होत्या, पदर खोचलेला, पायांत मी घेऊन दिलेले बूट. समोर पाण्यानं ओला केलेला दगड, आणि हातातल्या काळ्या पॉलिश पेपरनं त्या तो मन लावून घासत होत्या.

"आई, सांगून तरी यायचं."

"तू खाली गेली होतीस," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ये, बस. इथं सावली आहे."

त्यांच्या पलीकडे एक उंच बाई हातोडी आणि छिन्नी घेऊन उभी होती. चाळिशीची असेल. डोक्याला फडकं बांधलेलं, गालांवर दगडाची राखाडी भुकटी. प्रदर्शनातली काही शिल्पं तिची होती आणि येणाऱ्यांना काम दाखवण्यासाठी तिला झिम्बाब्वेहून बोलावलं होतं. लोकांना हवं तर घासून बघा म्हणून तिनं दगड आणि पॉलिश पेपर मांडून ठेवले होते. लोक चार हात फिरवून फोटो काढून जायचे. सासूबाई मात्र बसल्या त्या उठल्याच नव्हत्या.

"अंबुयांनी आज अख्खा गुडघा गुळगुळीत केलाय," ती इंग्रजीत मला म्हणाली.

सासूबाईंनी मला हळूच विचारलं, "अंबाबाई म्हणते का ग ती मला?"

मी विचारून सांगितलं, अंबुया म्हणजे त्यांच्याकडे आजी. सासूबाईंना ते अंबाबाईइतकंच पसंत पडलं.

दुसऱ्या दिवशी त्या आंघोळ करून, डबा भरून तयारच होत्या. मग रोजचंच झालं. मी त्यांना सोडायची आणि दुपारी आणायला जायची. हळूहळू मी सोडून परत येईनाशी झाले. पण बसत नव्हते. त्या दोघी दगडाशी वाकलेल्या असायच्या आणि मी बागेत फिरत राहायची. त्या मूर्तींकडे मी पेशंटकडे बघावं तशी बघायची. या म्हाताऱ्याच्या कमरेवर किती भार आलाय. या आईचा डावा खांदा वर उचलला गेलाय, मूल त्या बाजूला धरून धरून. करणाऱ्यांनी हाडं, सांधे काही दाखवलेलं नव्हतं, तरी शरीराला कुठं दुखत असेल ते कळत होतं. आणि तरी त्या मूर्ती शांत होत्या. त्या शांततेचा मला कधीकधी रागच यायचा. एवढी सगळी माणसं उन्हात मजेत उभी, आणि मला घटकाभर एका जागी बसवत नव्हतं.

"तू बसत का नाहीस?" त्या बाईनं एकदा विचारलं.

"सवय गेली."

"मग उभ्यानं कर काहीतरी," असं म्हणून तिनं मला कानस दिली. माझ्याच्यानं दगडाला धड चरासुद्धा पाडवला नाही.

ती स्वतः मात्र थांबत थांबत काम करायची. थोडे घाव घातले की हातोडी खाली ठेवायची, उजवा हात झटकायची, परत उचलायची. कोपर वर न्यायची वेळ आली की सगळं अंग डावीकडे झुकवायची. माझ्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. मी बोलले नव्हते. सासूबाई बोलल्या, मराठीत, माझ्याकडे न बघता.

"तिचा खांदा दुखतोय. तू नुसती बघतेस काय?"

"मला इथं परवानगी नाही, आई."

"कशाची?"

"काम करायची."

"पगार घेऊ नको. दवाखाना काढू नको. शेजारणीचा हात हातात घ्यायला कुणाची परवानगी लागते?"

थोड्या वेळानं मी त्या बाईजवळ गेले, मी पुण्याला काय करत होते ते सांगितलं आणि खांदा बघू का म्हणून विचारलं. तिनं लगेच हातोडी ठेवली, जणू कुणीतरी विचारावं याची वाटच बघत होती. मी तिला बादलीवर बसवलं, एक तळवा पाठीच्या फऱ्यावर ठेवला, दुसऱ्यानं तिचा दंड हळूहळू वर नेला. एका ठिकाणी तिनं श्वास रोखला. मी तिथंच थांबले. तीन वर्षांत मी कुणाच्या सांध्याला हात लावला नव्हता, पण कुठं थांबायचं ते हातांना माहीत होतं. मी उगीच मोठ्या आवाजात सूचना देत राहिले. श्वास सोडा. मान सैल. अजून थोडं.

त्यानंतर रोज काम सुरू करण्याआधी मी तिचा हात मोकळा करायची, व्यायाम करून घ्यायची. हातोडी धरायची उंची बदलायला लावली, दगड विटांवर चढवून घेतला. दोन आठवड्यांत तिचा हात डोक्याच्या वर जायला लागला. घरी आल्यावर मी सोफा हलवेनाशी झाले. नवऱ्यानं एकदा विचारलंसुद्धा, "आज काय, सगळं जागच्या जागी?"

त्या बाईची मुलगी तिकडे झिम्बाब्वेत आजीजवळ होती. चौदा-पंधरा वर्षांची. शाळेतले शिक्षक एकेक करून देश सोडून गेले होते, वर्ग भरत नव्हते, पावाच्या दुकानापुढे रांगा लागायच्या आणि पाव संपायचा. हे सगळं ती दगडावर पाणी ओतता ओतता सांगायची, आवाज न चढवता. फोन मात्र लागत नव्हता. कॉलिंग कार्डाचा नंबर, मग पिन, मग देशाचा कोड, मग गावाचा. आणि शेवटी नुसती खरखर. ती काही वेळा करून बघायची आणि फोन खिशात टाकायची. एक दिवस सासूबाईंनी हात पुढे केला. "आण इकडे. पूर्वी आम्ही मुंबई जोडून द्यायला अख्खी दुपार घालवायचो."

त्या सावलीत बसल्या आणि नंबर फिरवत राहिल्या. वैतागल्या नाहीत, उठल्या नाहीत, लागला नाही की परत पहिल्यापासून. मीच येरझाऱ्या घालत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी एकदम मान ताठ केली, फोनमध्ये "होल्ड ऑन, प्लीज" म्हणाल्या, अगदी ड्यूटीवरच्या आवाजात, आणि फोन तिच्या हातात दिला.

ती शोना भाषेत बोलत होती. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. बोलणं छोटंसंच झालं. फोन बंद करून तिनं तो खिशात टाकला.

"सगळं बरं आहे ना?" मी विचारलं.

"मुलगी म्हणते, सगळं ठीक आहे." आणि पुढं म्हणाली, "तिनं ते तीनदा म्हटलं. म्हणून मला जायला हवं."

प्रदर्शन पुढं दुसऱ्या शहरात जाणार होतं आणि तिनं थंडीपर्यंत सोबत राहायचं, असं ठरलेलं होतं. बागेची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी तिला खूप समजावलं. इथं काम आहे, विकत घेणारे आहेत, इथूनच घरी मदत पाठवता येईल. ती सगळं ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. मी मनातल्या मनात बागेच्या बाईंच्या बाजूनं होते. तिच्याकडे काम होतं, परवानगी होती, आता खांदाही चालत होता. असं सगळं सोडून कुणी जातं का? मी तिला तसं म्हणालेही.

"तू कशासाठी थांबली आहेस?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं.

मी ग्रीन कार्डाची रांग समजावून सांगायला लागले. नवऱ्याची कंपनी, अर्जाची तारीख, कोणत्या देशाच्या माणसांना किती वर्षं. सांगता सांगता माझं मलाच ऐकू यायला लागलं. मी मध्येच गप्प झाले. ती विनयानं पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली.

जायच्या आदल्या दिवशी तिनं सासूबाईंनी घासलेला दगड पुरा केला. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली बाई होती ती. तिनं गॅसच्या ज्योतीनं दगड तापवला आणि गरम दगडावर मेण फिरवलं. इतके दिवस फिकट राखाडी दिसणारा दगड आमच्या डोळ्यांदेखत काळाभोर झाला. सासूबाईंनी नमस्कार केल्यासारखे हात जोडले, मग पदरानं डोळे टिपले. ती मूर्ती बागेतच राहिली, नंतर ती कुणीतरी विकत घेतल्याचं कळलं. त्या दोघींनी एकमेकींचे हात बराच वेळ धरले होते. मी गाडीत जाऊन बसले.

घरी जाताना सासूबाई म्हणाल्या, "मीही जाईन म्हणते. मुक्काम संपेपर्यंत थांबायचं कशाला?"

"मी पण येते, आई."

त्यांनी वळून बघितलं. "किती दिवस?"

"दिवस नाही. कामाला जाते."

नवऱ्याला सांगणं सोपं नव्हतं. तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, "आणि मी?"

"तू येतोस?"

"आता सोडलं तर सगळं पहिल्यापासून. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. म्हणून तू थांब म्हणते."

"म्हणजे काय, आपण वेगळे राहायचं? कुणी विचारलं तर काय सांगू?"

"सांग, बायको कामावर गेली," सासूबाई म्हणाल्या आणि त्याच्या पानात आमटी वाढली.

तो काही दिवस माझ्याशी फार बोलला नाही. मग एका रविवारी आपण होऊन तिकिटं बघायला बसला. एअरपोर्टवर त्यानं मला घट्ट धरलं आणि म्हणाला, "परत येशील ना?" मी हो म्हणाले. तेव्हा ते खरं आहे की नाही मला माहीत नव्हतं.

सव्वा वर्ष मी पुण्यात काम केलं. सासूबाई साताऱ्याला, मी पुण्याला भाड्याच्या खोलीत. रविवारी एसटीनं त्यांच्याकडे जायची. तेव्हा त्या झिम्बाब्वेचा तो नंबर फिरवून बघत. एकदा लागला, त्या बाईच्या मुलीनं उचलला, आई दगड आणायला गेलीय म्हणाली, आणि लाइन तुटली. त्यानंतर लागला नाही. रात्रपाळी करणाऱ्या एका सिस्टरबरोबर बसून मी अमेरिकेच्या परीक्षेचा अभ्यास केला. नवरा दर शनिवारी फोन करायचा आणि पूर्वी कधी न सांगितलेल्या गोष्टी सांगायचा: ऑफिसात एकटं वाटतं, डाळ करपली, घर फार शांत आहे. दोन हजार आठच्या शेवटी मी परत गेले, परीक्षा दिली, आणि पुढं एका नर्सिंग होमनं माझ्या नावाचा व्हिसा केला.

पुण्यातला कामाचा पहिला दिवस मात्र मला अजून स्पष्ट आठवतो. पहिला पेशंट पीएमटीचा ड्रायव्हर होता, खांदा आखडलेला. मी जपून, घाबरत त्याचा हात वर नेत होते. त्यानं थोडा वेळ सहन केलं आणि म्हणाला, "मॅडम, जरा जोर लावा. मला दुपारी बस काढायचीय."