चुनावाली पोरगी

अक्काचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकासाठी मोतिया रंग ढवळत होतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सिन्नरची. "सायली गेली रे..." एवढंच ती म्हणाली आणि फोन कुणीतरी तिच्या हातातून घेतला. मी 'हो' म्हणालो. मग रंग नीट एकजीव केला, पुठ्ठ्यावर फटकारा मारून गिऱ्हाइकाला दाखवला, झाकण ठोकून बसवलं आणि दोन हात मारा, एकात भागणार नाही, असंही सांगितलं. शटर ओढलं तेव्हा कुठे कळलं की तिला ठेवलं होतं तो दवाखाना दुकानापासून चालत जाण्याइतका जवळ आहे आणि मी स्कूटरची किल्ली शोधत उभा आहे. अशा वेळी माणूस ऊर बडवतो असं ऐकून होतो. मला काहीच झालं नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात आणि आपलाच गाल परका वाटायला लागतो, तसं काहीसं तेव्हापासून आहे. संक्रांत झाली, तिळगूळ वाटून झाले, तरी ते उतरलेलं नाही. बायको म्हणते, एकदा रडून घ्या. येत असतं तर रडलो नसतो का?

सायली माझी भाची. कॉलेजसाठी सिन्नरहून आली आणि गंगापूर रोडच्या आमच्या घरात राहिली ती राहिलीच. तिचे वडील सिन्नरच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली मशीन चालवतात. उन्हाळ्यात पाळी संपवून आले की जेवायच्या आधी ओल्या फडक्यावर उघडे पडून राहायचे, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे पत्रा हा तिचा जन्माचा वैरी. मी मात्र 'नाशिकला पंखा कशाला लागतो' म्हणणाऱ्या पिढीतला. ती कॉलेजातल्या पोरापोरींना जमवून हवामान, तापमान असं बोलायला लागली की मी चिडवायचो, "झालं, आता हिच्या सभेनं सूर्य गार होणार." ती चिडायची नाही. एकदा एवढंच म्हणाली, "मामा, लांबचा बर्फ वितळताना बघून आपल्याकडे कोण घाबरतंय? तू एकदा दुपारी शोभाताईंच्या सासूबाईंच्या खाटेवर तासभर बसून बघ." शोभाताई पत्र्याच्या घरांच्या एका वस्तीत राहतात, कंपनीत पॅकिंगला जातात. त्यांच्या सासूबाईंना अर्धांगवायू झालेला. म्हातारी दिवसभर पत्र्याखाली पडून. मी काही बसायला गेलो नाही. पण पत्र्याला पांढरा चुना फासला की ऊन परत फिरतं आणि खालची खोली जरा निवते, हे भाचीनं मला पटवलं. माझं रंगाचं दुकान, त्यामुळे चुना माझ्याकडूनच जाणार हे ओघानं आलं.

पहिल्या दिवशी टेम्पोत चुन्याची पोती घेऊन मीही शोभाताईंच्या वस्तीत गेलो होतो. वस्तीच्या मधोमध बुद्धविहार आहे. तिथल्या माइकवरून सायलीनं घोषणा केली, "नमस्कार! येत्या रविवारी आम्ही कॉलेजची मुलं तुम्हा सगळ्यांना चुना लावायला येणार आहोत. अगदी फुकट!" मग बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पारावरचे एक आजोबा तिथूनच ओरडले, "फुकटच लावत्यात, पोरी! निवडणुकीत लावला, त्यो अजून वाळला नाय!" सायली कानापर्यंत लाल झाली. चुना लावणं म्हणजे फसवणं हे तिला माहीत नव्हतं असं नाही, पण डोक्यात पत्रा असल्यावर बाकीचं कुठून सुचणार! तिनं माइक पुन्हा ओढला आणि म्हणाली, "आजोबा, तो तुम्हाला लावला होता. आम्ही पत्र्याला लावणार." आजोबाच सगळ्यांत मोठ्यानं हसले. पहिला पत्रा त्यांनीच दिला. तेव्हापासून तिचं नाव पडलं चुनावाली पोरगी, आणि आम्ही सगळे चुनावालीची माणसं झालो.

आमचं भांडण व्हायचं ते वेगळ्याच गोष्टीवरून. डिंक घालून लावला तरी चुना तो चुना. पावसाळ्यात उतरतो आणि दरवर्षी पुन्हा लावावा लागतो. मी म्हणायचो, कंपनीचा रंग घे, चार वर्षं बघायला नको, मी खरेदीच्या भावात देतो. ती ऐकायची नाही. "तो संपला की ही माणसं पुन्हा कुणाच्या तरी तोंडाकडे बघत बसतील. चुना त्यांचा त्यांना आणता येतो. आणि दरवर्षी पत्र्यावर चढलं की वरून सगळी वस्ती दिसते, मामा. तू एकदा चढ तर." माझे गुडघे पुढे करून मी सुटका करून घ्यायचो. दुसरं भांडण कुंच्यावरून. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो की काम झालं की कुंचा धुवा, झटका, टांगून ठेवा. पाण्यात उभा ठेवू नका, केस गळतात. ही रविवारी संध्याकाळी येणार आणि कुंचा पाण्याच्या डब्यात उभा करून जेवायला पळणार. दुकानाच्या मागच्या मोरीत तो डबा कायमचाच. रंगवाल्याची भाची आणि ही शिस्त!

गेल्या उन्हाळ्यात मे महिन्यातच पावसानं गाठलं. ओल्या पत्र्यावर चुना धरेना आणि विहारामागची गल्ली राहून गेली. शोभाताईंचं घर त्याच गल्लीत. सायलीनं म्हातारीचा हात हातात घेऊन सांगितलं, "आजी, पुढच्या साली पहिला पत्रा तुमचा. होळीच्या आधी येते." मी तिथेच शिडी धरून उभा होतो. मग पावसानं दिवाळीपर्यंत पिच्छा सोडला नाही. डास वाढले, घरोघरी ताप आला, तसा तिलाही आला. डेंग्यू म्हणजे आठवड्याभराचं दुखणं, असं आम्ही सगळेच धरून चाललो. तिच्या ग्रुपची पोरं रक्त द्यायला रांगेत उभी होती. शुद्धीत होती तेव्हा मला म्हणाली, "मामा, चुना यंदा लवकर भिजव. ती गल्ली राहिलीय." मी म्हणालो, "आधी बरी तर हो." आमचं शेवटचं बोलणं हे एवढंच...

दहाव्याला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरलो. आमच्याकडे काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग घरातल्या एकेकानं पुढे होऊन शब्द द्यायचा असतो. कावळा लगेच शिवला. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. "पोरगी तृप्त गेली," असं कुणीतरी अक्काला म्हणालं आणि अक्कानं मान हलवली. ती गल्ली राहिलीय हे मला ठाऊक होतं आणि कावळ्याला नव्हतं. तेव्हा मला राग आला होता, एवढं आठवतं. तेवढीच एक गोष्ट त्या दिवसांत जाणवली.

तिची मैत्रीण निकिता दोनदा दुकानात येऊन गेली. "मामा, कुणी जमतच नाहीये. जमलो तरी कुणी बोलत नाही," म्हणाली. मी तिला चहा पाजला. मग गेल्या आठवड्यात शोभाताई आल्या. काउंटरला हात टेकून उभ्या राहिल्या. "दादा, सासूबाईंना सांगितलं नाय अजून. धीरच होत नाय. रोज विचारत्यात, चुनावाली कधी येणार?" मी काय उत्तर द्यावं हे ठरवायच्या आधीच तोंडातून निघून गेलं, "सांगा, होळीच्या आधी." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मान डोलावली आणि गेल्या. त्या वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या आणि मला कळलं की मी त्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला चुना लावला. हसूच आलं मला. हसता हसता स्टुलावर बसलो आणि बराच वेळ उठता आलं नाही.

परवा कळीचा चुना भिजत घातला. निकिताला फोन करून सांगितलं की रविवारी शिडी धरायला दोघं-तिघं घेऊन ये. चढणारा मी आहे. ती म्हणाली, "मामा, तुमचे गुडघे?" म्हटलं, ते माझं मी बघतो. मग मागच्या मोरीत गेलो. तिचा कुंचा अजून त्या डब्यात उभा आहे. इतके दिवस मी रोज सकाळी दुकान उघडलं की त्यातलं पाणी तेवढं बदलत होतो, कुंच्याला हात लावत नव्हतो. दुकानात हवे तेवढे नवे कुंचे टांगलेले आहेत. पण मी तोच बाहेर काढला, धुतला, झटकला. निम्मे केस डब्याच्या तळाशी राहिले. उरलेल्यांत एक गल्ली होईल.