टिकलीचा गोंद

माझी पत्नी मंगळवारी सकाळी वारली. माझी साखर तीच तपासायची.

तेराव्यानंतर पुण्याला परतताना मुलीने माझ्या दंडावर एक सेन्सर चिकटवला. नाण्याएवढी चकती, भोवती चिकट पट्टी. साखरेचा आकडा माझ्या फोनवर यायचा आणि तिथून तिच्या फोनवर जायचा. मी जिलेबी खाल्ली की थोड्या वेळाने तिचा फोन, "बाबा, शनवाऱ्यात जिलेबीवाल्याकडे गेला होतात ना?" चोरी पकडली जाण्यात सुख असतं, हे मला या वयात कळलं.

मग पट्टीखाली खाज सुटली. पुढे लाल चट्टा उठला, त्यावर बारीक फोड आले. मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलेला माणूस. सेन्सरसोबतचं हिंदी माहितीपत्रक मी दोनदा वाचलं होतं. गोंदाने त्वचेला त्रास होऊ शकतो, हे वाक्यही वाचलं होतं; त्यात एक मात्रा चुकली होती, तेवढी लक्षात राहिली.

पत्नीला असंच टिकलीने झालं होतं. कपाळावर त्या जागी कातडी आधी खाजली, मग पांढरी पडली.

"गोंदाने कुठे असं होतं?" मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो होतो.

"तुम्हालाच चिकटवते एक, मग सांगा."

शेवटी बायकांनी तिचा मळवट भरला, तेव्हा तो डाग झाकला गेला.

मुलीला खाज सांगितली असती तर तिने सेन्सर काढायला लावला असता. मग रोज फोन कशाला केला असता? म्हणून मी गप्प राहिलो आणि पट्टीच्या कडेने खोबरेल तेल सोडत बसलो. आपल्याकडे केसांपासून दाराच्या कडीपर्यंत सगळ्यावर तेच औषध.

एका दुपारी मी वाचत बसलो होतो. शेजारची सून धावत आली आणि तिने माझ्या तोंडात मावा जिलेबी कोंबली.

"काका, पहिले खा, मग बोला! ताईचा फोन आला, तुमची शुगर एकदम डाऊन झाली म्हणे!"

तोंड भरल्यामुळे मला बोलता येईना. तिला वाटलं, वाचाच गेली. तिने दुसरी कोंबली. अखेर मी बाही वर करून दाखवली. तेलाने सुटलेला सेन्सर दंडावर लोंबकळत होता आणि मनाला येईल तो आकडा पुण्याला पाठवत होता.

"खाज येत होती तर सांगायचं ना, बाबा!" मुलगी फोनवर ओरडली.

"सांगितलं असतं तर तू फोन कशाला केला असतास?"

मग ती म्हणाली, "आई म्हणालीच होती, तुम्हाला चिकटवल्याशिवाय कळायचं नाही."

आता मी बोटाला सुई टोचून साखर बघतो. मुलगी संध्याकाळी फोन करते आणि आकडा सगळ्यात शेवटी विचारते. दंडावरचा चट्टा गेला. तिथे पांढरा डाग आहे.